कुलूप नेमकं कुठे आहे?

फ्रीव्ह्यू एचडी, म्हणजे साध्या अँटेनावर मिळणारं एचडी प्रसारण, ब्रिटनमध्ये 2009 साली सुरू होत होतं, तेव्हा बीबीसी पेचात सापडली. प्रेक्षक परवाना शुल्क भरतात (2010 मध्ये वर्षाला 145.50 पौंड), त्यामुळे चित्र एन्क्रिप्ट करून चालणार नव्हतं. पण कार्यक्रमांचे हक्क ज्यांच्याकडे होते, त्यांना एचडी चित्राची सर्रास नक्कल नको होती. बीबीसीने नियामक संस्था ऑफकॉमकडे वेगळीच परवानगी मागितली. चित्र खुलंच राहील, पण त्यासोबत जाणारी कार्यक्रमांची माहिती हफमन पद्धतीने आकसून पाठवू आणि ती उलगडायचा तक्ता फक्त नक्कल रोखण्याचा करार करणाऱ्या रिसीव्हर उत्पादकांना देऊ. जून 2010 मध्ये ऑफकॉमने ती दिली.

हफमन पद्धतीत गुप्त असं काहीच नाही. डेव्हिड हफमन यांनी ती 1952 मध्येच प्रसिद्ध केली. वारंवार येणाऱ्या अक्षराला छोटा संकेत, क्वचित येणाऱ्याला लांब. समजा 'ई'ला 0, 'टी'ला 10, 'एस'ला 110 आणि 'झेड'ला 111 दिलं. मग टी-ई-एस-टी हा शब्द 10011010 असा आठ बिटांत मावतो. एरवी अक्षरामागे आठ म्हणजे बत्तीस बिट लागले असते. यातला एकही संकेत दुसऱ्या संकेताची सुरुवात नसतो, म्हणून मध्ये स्वल्पविरामही लागत नाही. मात्र कोणत्या अक्षराला कोणता संकेत हा तक्ता हाताशी नसेल, तर 10011010 म्हणजे नुसते शून्य आणि एक.

इथे दोन भूमिका वेगळ्या होतात, आणि त्या एकच समजल्या जातात याची मला खंत वाटते. खुली मानकं मागणारा म्हणतो, तपशील छापलेला असावा आणि कुणालाही वाचता यावा. प्रक्षेपणाचं डीव्हीबी-टी2 हे मानक तसं प्रसिद्ध आहेच. मुक्त सॉफ्टवेअरवाला पुढचं विचारतो : त्या तपशिलावरून मी रिसीव्हरचा प्रोग्राम लिहून सोर्स कोडसकट वाटू शकतो का? तक्ता गुप्त ठेवण्याच्या करारावर सही केली, तर नाही. कोड उघडा ठेवायचा आणि त्यातलाच तक्ता लपवायचा, हे जमणार कसं?

फ्रीसॅट या उपग्रह सेवेतही असाच तक्ता होता. मायथटीव्ही या मुक्त प्रकल्पातल्या हौशी प्रोग्रामरांनी तो उलगडून दाखवला. म्हणजे नक्कल करणाऱ्याला हे कुलूप फार काळ अडवत नाही. अडतो तो नियम पाळून रिसीव्हर बनवू पाहणारा माणूस.

पेटंटांची गोष्टही हीच. एच.264 हे व्हिडिओ मानक 2003 पासून सर्वांसाठी प्रसिद्ध आहे, पण त्यावरच्या पेटंटांसाठी परवाना घ्यावा लागत आला. मुक्त प्रोग्रामच्या प्रती कुठे किती झाल्या हे त्याच्या लेखकालाच ठाऊक नसतं, मग प्रतीमागे रॉयल्टी तो कुठून भरणार? विशेष म्हणजे बीबीसीच्याच संशोधकांनी डिरॅक नावाचा रॉयल्टीमुक्त कोडेक, म्हणजे व्हिडिओ आकसण्या-उलगडण्याचा प्रोग्राम, बनवून त्याचा सोर्स कोड 2004 मध्ये खुला केला होता. स्टुडिओतल्या वापरासाठीची त्याची आवृत्ती पुढे व्हीसी-2 या नावाने मानक झाली. प्रेक्षकांच्या घरापर्यंत मात्र एच.264च पोचलं.

आयप्लेअर या बीबीसीच्या इंटरनेटवर कार्यक्रम दाखवणाऱ्या सेवेच्या वादातही हीच गल्लत झाली. जुलै 2007 मध्ये तो आला तेव्हा फक्त विंडोज एक्सपीवर चालायचा, तोही मायक्रोसॉफ्टच्या डीआरएमसह, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या कुलपासह. बीबीसीवर देखरेख करणाऱ्या बीबीसी ट्रस्टने वाजवी मुदतीत तो सर्व संगणकांवर चालावा अशी अट आधीच घातली होती. डिसेंबरमध्ये ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणाऱ्या फ्लॅशवरून स्ट्रीमिंग सुरू झालं आणि लिनक्स या मुक्त प्रणालीवरही चित्र दिसू लागलं. पुष्कळांना वाद मिटलासा वाटला. पण फ्लॅश प्लेअर स्वतःच बंदिस्त होता. लिनक्स वापरणाऱ्याला कार्यक्रम मिळाला, प्लेअर लिहिण्याची मोकळीक मिळाली नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रसारकाकडून मी दुसरी गोष्टही मागेन.

हक्कधारकांचा दबाव खरा असतो, हे मान्य. चित्र विकत देणाराच अट घालत असेल, तर प्रसारकाचे हात बांधले जातात. म्हणून तर ही मागणी मानक ठरतं त्या टेबलावरच लावून धरायला हवी. 18 सप्टेंबर 2017 रोजी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू3सीने ईएमई हे मानक मंजूर केलं. एन्क्रिप्ट केलेल्या व्हिडिओसाठी ब्राउझरने काय करायचं, हे त्यात सविस्तर लिहिलं आहे आणि कुणीही ते वाचू शकतं. चित्र प्रत्यक्ष उलगडणारा भाग मात्र त्या मानकाच्या बाहेर आहे. तो बंदिस्त असू शकतो, आणि बहुतेकदा असतोच. त्याच दिवशी डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने डब्ल्यू3सीचं सदस्यत्व सोडलं.