ग्रंथालयातली पुस्तक आणि सिनेमा चर्चामंडळं (महाराष्ट्र)

सार्वजनिक वाचनालयाच्या सभासदांनी महिन्यातून एकदा किंवा ठरलेल्या वारी जमायचं आणि वाचलेल्या पुस्तकावर नाहीतर एकत्र पाहिलेल्या सिनेमावर बोलायचं, असा हा उपक्रम. नावं गावागणिक बदलतात: वाचक मंच, वाचनकट्टा, साहित्यकट्टा, सिनेकट्टा. पुस्तक भिशी ही त्याची चुलत बहीण, तिथे दरमहा वर्गणी जमते, चिठ्ठी निघते आणि ज्याचं नाव येईल त्याला त्या पैशांची पुस्तकं मिळतात, मग ती वाचून त्याने त्यावर बोलावं अशी अपेक्षा असते. व्याख्यानमाला मात्र यात धरू नये. १८७५ पासूनची पुण्याची वसंत व्याख्यानमाला ही थोर परंपरा आहेच, पण तिथे एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात, चर्चामंडळात निदान तत्त्वतः तरी उलटं असतं.

उगमाबद्दल एकमत नाही. एक मत असं की हे मूळ वाचनालयांतलंच. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, ते राज्यातलं पहिलं असं साधारणपणे मानतात, त्यानंतर अहमदनगर (आताचं अहिल्यानगर, १८३८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८), कोल्हापूर (१८५०), कल्याण (१८६४). ही सालं थोडी जपूनच वापरावीत, कारण स्थापना म्हणजे पहिली सभा की वर्गणी सुरू झाली तो दिवस की पुस्तकं आली तो, हे सगळीकडे एकाच मापाने मोजलेलं नसतं. यातली बरीचशी वाचनालयं सुरुवातीला नेटिव्ह जनरल लायब्ररी अशा नावाची, इंग्रज अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने किंवा पाठिंब्याने उभी राहिलेली. तिथे वर्तमानपत्र यायचं, ते एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं, तीच चर्चेची सुरुवात असं या मताचे लोक सांगतात.

दुसरं मत सभांकडे बोट दाखवतं. मुंबईत १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थी आणि शिक्षकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली, तरुण दादाभाई नवरोजी त्यातच होते, आणि तिच्या मराठी व गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा म्हणून ओळखल्या गेल्या. तिथली रीत म्हणजे कोणीतरी निबंध लिहून आणायचा, वाचायचा, मग त्यावर सभासदांनी बोलायचं. आजच्या मंडळाचा साचा बघितला तर तो वर्तमानपत्राच्या टेबलापेक्षा या निबंधाच्या बैठकीला जास्त जवळचा वाटतो. कोणी कोणी पोथीवाचन आणि निरूपणापर्यंत मागे जातात, पण पोथी ऐकणारा बुवांना ‘हे काही पटलं नाही’ असं सहसा म्हणत नाही, आणि पुस्तकाच्या चर्चेचा जीव तर तेवढ्यातच असतो. बायकांच्या बैठकींचा धागा वेगळा, पुण्यात १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापला तिथून तो काढता येतो.

स्वातंत्र्यानंतर १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने वाचनालयांना मान्यता, अ ते ड असे वर्ग आणि अनुदान मिळालं. १९७४ मध्ये ग्रंथाली या मुंबईच्या प्रकाशन संस्थेने वाचक चळवळ हा शब्द रुळवला. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन होतो, त्या दिवशी मंडळं नक्की भरतात, एरवीचं ज्याच्या त्याच्या उत्साहावर.

सिनेमाची बाजू वाचनालयाबाहेरून, म्हणजे सभासदांना सिनेमे दाखवणाऱ्या फिल्म सोसायट्यांकडून आली. मुंबईत १९३७ मध्ये हौशी सिनेप्रेमींची एक संस्था होती, कलकत्ता फिल्म सोसायटी १९४७ ची, फिल्म सोसायट्यांचा महासंघ १९५९ चा आणि सत्यजित राय त्याचे पहिले अध्यक्ष. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ मध्ये निघालं. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय होतं, पण तिथून येणारे १६ मिलिमीटरच्या रिळांचे डबे चालवायला प्रोजेक्टर लागायचा, अंधारी खोली लागायची आणि मशीन चालवणारा माणूसही लागायचा, म्हणून सिनेमा बराच काळ सोसायट्यांकडेच राहिला. सोसायट्यांना फक्त सभासदांसाठी न कापलेले परदेशी सिनेमे दाखवायची सवलत होती, त्यामुळे सभासद वाढले खरे, पण सगळेच चर्चेला थांबायचे असं नाही. डीव्हीडी आणि छोटे प्रोजेक्टर आल्यावर कुठे वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये सिनेकट्टा शक्य झाला.

इथे एक कायद्याचा मुद्दा, जो कार्यकर्ते हमखास विसरतात. तिकीट लावलं नाही म्हणजे परवानगी नको, हा समज चुकीचा आहे. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये प्रकाशित पुस्तकातला माफक उतारा जाहीरपणे वाचायला सूट आहे. हौशी मंडळाने पैसे न घेता नाटक, संगीत किंवा साहित्यकृती सादर करायलाही आहे, म्हणजे अभिवाचन बहुतेक वेळा या कलमात बसतं. पण या हौशी मंडळाच्या सुटीत सिनेमाचं नाव नाही. सिनेमासाठी जी सूट आहे ती शिक्षणसंस्थेची, आणि प्रेक्षकही संस्थेचे कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक अशांपुरतेच. वाचनालय शिक्षणाचं काम करतं हे खरं, पण तेवढ्यावर ते त्या सुटीत बसेल असं धरून चालू नये, हक्कधारकाकडून लेखी घेतलेलं बरं. घरी बघायला घेतलेली डीव्हीडी किंवा मोबाइलवरच्या ॲपचं सबस्क्रिप्शन म्हणजे हॉलमध्ये दाखवायचा परवाना नव्हे.

प्रत्यक्ष बैठकीची सगळ्यात मोठी अडचण साधी आहे: पुस्तकाची प्रत एकच असते. अमेरिकेत १९४७ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या ग्रेट बुक्सच्या पद्धतीत सगळ्यांनी तेच पुस्तक वाचून यायचं आणि चालकाने उत्तरं न देता फक्त प्रश्न विचारायचे असतात, सिएटलच्या ग्रंथालयाने तर १९९८ मध्ये सगळ्या शहराने मिळून एकच पुस्तक वाचावं असा घाट घातला. आपल्याकडे कपाटातली एक प्रत पंधरा जणांत फिरायला कित्येक महिने जातात. म्हणून चर्चेऐवजी नुसता पुस्तकाचा परिचय होतो, म्हणजे ज्याने वाचलं तो वीस मिनिटं कथानक सांगतो, बाकीचे ‘छान’ म्हणतात आणि चहा येतो. काही मंडळांनी यावर तोडगा काढलाय, एका पुस्तकाऐवजी एक विषय किंवा एक लेखक घ्यायचा, ज्याला जे मिळेल ते त्याने वाचून यायचं. काही जण सरळ एकच कथा झेरॉक्स काढून वाटतात, प्रताधिकाराचा प्रश्न तिथेही आहेच. सिनेमाचं या बाबतीत बरं, सगळ्यांनी एकाच वेळी तेच पाहिलेलं असतं, त्यामुळे सिनेकट्ट्यावर भांडणं जास्त चांगली होतात.