सेवाग्रामची आमसभा : नई तालीमच्या शाळेची पार्श्वभूमी

शाळा सुरू होऊन महिनाभर लोटला की गावोगावच्या प्राथमिक शाळांत मंत्रिमंडळाची निवड होते. सहावी-सातवीतली मुलं मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री होतात, फलकावर नावं लागतात, फोटो निघतो. पुढे वर्षभर त्या आरोग्यमंत्र्याच्या हातात नेमकं काय राहतं, हे मात्र शाळेशाळेवर अवलंबून असतं. कुठे परिपाठानंतर नखं तपासणं एवढंच, तर कुठे पाण्याच्या टाकीची खरीखुरी जबाबदारी. मुलांना शाळेच्या कारभारात खरा वाटा द्यायचा का, हा प्रश्न वर्ध्याजवळच्या एका खेड्यात ऐंशीएक वर्षांपूर्वीच धसाला लावला गेला होता. त्या शाळेत बालवाडीतल्या मुलापासून गावातल्या आजीपर्यंत सगळेच विद्यार्थी धरले होते. सेवाग्रामची ती नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याची गांधींची शिक्षणपद्धती, आज बहुतेकांना टकळी आणि चरखा एवढ्यापुरतीच आठवते. तिथली आमसभा, तिथला भंडार, तिथला एकत्र संसार विस्मरणात गेला. माझ्या मते तोच त्या प्रयोगाचा गाभा होता.

या विचाराची सुरुवात वर्ध्याला झाली नाही. १९१० साली गांधींचे वास्तुविशारद मित्र हरमन कॅलनबाख यांनी दक्षिण आफ्रिकेतली, जोहान्सबर्गजवळची आपली सुमारे ११०० एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांना राहायला दिली आणि तिथे टॉल्स्टॉय फार्म उभा राहिला. मुलं निरनिराळ्या वयांची, घरी बोलायच्या भाषा निराळ्या, धर्मही निराळे. वेगळे शिक्षक ठेवायला पैसे नव्हते, म्हणून गांधी आणि कॅलनबाख स्वतःच शिकवत. सकाळ शेतात आणि घरकामात जाई, वर्ग भरे तो दुपारच्या जेवणानंतर. थकलेली मुलं पेंगत, शिकवणारेही पेंगत, आणि मग डोळ्यांवर पाणी मारून धडा पुढे सरके. एक नियम कसोशीने पाळला जाई : जे काम शिक्षक करत नाही ते मुलांना सांगायचं नाही. कॅलनबाख चपला बनवायला शिकून आले, गांधी त्यांच्याकडून शिकले आणि मग मुलं शिकली. नई तालीमची पुढची सगळी मांडणी या एका नियमातून वाढत गेली, असं म्हणायला हरकत नाही.

दुसरा टप्पा बिहारमधल्या चंपारणचा. १९१७ साली निळीच्या शेतकऱ्यांची चौकशी चालू असतानाच गांधींनी तिथल्या खेड्यांत शाळा काढल्या. शिकवायला माणसं हवी होती, आणि त्या हाकेला महाराष्ट्रातून ओ मिळाली. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले गेल्या, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन गेल्या, भारत सेवक समाजातून डॉ. देव आले. या बायकांना हिंदी जेमतेम येत होतं. व्याकरण आणि आकडेमोड मागे राहिली तरी चालेल, आधी स्वच्छता आणि वागणूक, असं गांधींनी त्यांना सांगितलं. डॉ. देवांनी औषधपाणी पाहिलं, रस्ते-विहिरींची सफाई सुरू झाली. शाळा हे सगळ्या गावाचंच काम आहे, ही समज तिथे आली. गांधी चंपारणातून बाहेर पडल्यावर मात्र तिथलं काम टिकलं नाही, आणि ती खंत त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे.

मग १९३७. प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण द्यायचं तर पैसा कुठून आणायचा, हा पेच उभा राहिला. दारूच्या करावर शाळा चालवायच्या, तर दारूबंदी कशी करायची? गांधींनी 'हरिजन'मधून उत्तर मांडलं : शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगातून द्यावं आणि त्या उद्योगाने शिक्षकाचा खर्च हळूहळू उचलावा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला परिषद भरली. सात वर्षांचं मोफत व सक्तीचं शिक्षण, मातृभाषेचं माध्यम, केंद्रस्थानी हस्तोद्योग आणि कालांतराने शिक्षकाच्या वेतनाची सोय, असे चार ठराव झाले. विरोधही झाला. अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी विचारलं की मुलांनी बनवलेला माल बाजारात आला तर गावच्या कारागिराचं काय होईल? हा प्रश्न रास्त होता आणि त्याचं पुरतं समाधान कधीच झालं नाही.

जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने दीडेक महिन्यात, डिसेंबरच्या सुरुवातीलाच अहवाल दिला. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटं मूलोद्योगाला, म्हणजे केंद्रस्थानी धरलेल्या हस्तोद्योगाला दिलेली होती. लोकांच्या डोळ्यांत खुपलं ते हेच आणि लक्षात राहिलंही हेच. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली आणि एप्रिलमध्ये ती राबवायला हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. अध्यक्ष झाकिर हुसेन, सचिव ई. डब्ल्यू. आर्यनायकम. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारने बुनियादी (पायाभूत) शाळांना, म्हणजे या योजनेच्या शाळांना हात घातला. मध्य प्रांतात रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना निघाली, आणि तिच्या नावावरूनच मुस्लिम लीगशी मोठा वाद पेटला.

आर्यनायकम आणि त्यांच्या पत्नी आशादेवी यांच्याविषयी मराठीत फारच थोडं लिहिलं गेलं आहे, याचं वाईट वाटतं. ते सिलोनचे तमिळ ख्रिस्ती, त्या बंगाली. दोघेही शांतिनिकेतनात रवींद्रनाथांजवळ राहिलेले. १९३० साली रवींद्रनाथ रशियाला गेले तेव्हा आर्यनायकम त्यांच्याबरोबर होते. म्हणजे सेवाग्रामच्या शाळेत गांधींच्या श्रमाइतकीच शांतिनिकेतनची गाणी, चित्रं, ऋतूंचे उत्सव आणि विद्यार्थ्यांचं स्वशासनही आलं. पुढे १९४४ साली शांतिनिकेतनचेच देवीप्रसाद चित्रकला शिकवायला आले आणि १९६२ पर्यंत राहिले. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या मार्जरी साइक्स १९४९ पासून दहा वर्षं इथे होत्या. शांताबाई नारुलकरांनी गावातल्या आया आणि लहान मुलांमध्ये काम केलं. वर्ध्याच्या उन्हात या सगळ्यांनी मिळून जी शाळा उभारली, ती एका माणसाच्या एका कल्पनेतून निघालेली नव्हती.

हस्तोद्योगातून शिकणं म्हणजे काय, हे सुताच्या एका गुंडीवर दिसतं. गुंडी म्हणजे ६४० तार, आणि एक तार ४ फुटांची. मूल सूत कातून ते फाळक्यावर गुंडाळतं तेव्हा मोजणं आपोआप येतं. १६० तारांची एक लटी, चार लट्यांची गुंडी. म्हणजे चाराचा पाढा आला, फुटांत लांबी काढायची तर गुणाकार आला : २५६० फूट. गुंडीचं वजन केलं की सुताचा अंक, म्हणजे ते किती बारीक आहे, हे काढता येतं, तिथे भागाकार आणि प्रमाण. कापूस किती घेतला, सूत किती झालं, तूट किती गेली, हे रोजच्या रोज वहीत. कापूस कुठल्या जमिनीत येतो हा भूगोल, आणि विदर्भाचा कापूस मँचेस्टरला का जात होता हा इतिहास. चांगल्या शिक्षकाच्या हाती हे जमून यायचं. कच्च्या शिक्षकाच्या हाती मात्र ओढूनताणून समवाय, म्हणजे उद्योगाशी विषयांचा सांधा, साधला जायचा आणि मुलं कंटाळायची. हे त्या काळच्या कार्यकर्त्यांनीही मान्य केलेलं आहे.

१९४२ च्या आंदोलनात कार्यकर्ते तुरुंगात गेले आणि काम विस्कळीत झालं. मे १९४४ मध्ये गांधी आगाखान पॅलेसमधून सुटले तेव्हा त्यांचा विचार पुढे गेलेला होता. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला पुन्हा परिषद भरली. आता नई तालीमचं क्षेत्र ७ ते १४ वर्षांची मुलं एवढंच नाही, मूल पोटात असल्यापासून मरेपर्यंतचं सगळं आयुष्य हे तिचं क्षेत्र, असं त्यांनी तिथे सांगितलं. त्यातून टप्पे पडले : प्रौढ शिक्षण, पूर्व बुनियादी, बुनियादी, उत्तर बुनियादी, आणि पुढे विद्यापीठाच्या पातळीवरचं उत्तम बुनियादी. एकाच आवारात, एकाच स्वयंपाकघरातून जेवणारी सगळ्या वयांची शाळा.

अभ्यासक्रमही नव्याने रचला गेला. स्वच्छ आणि निरोगी जगणं, स्वावलंबन, उत्पादक मूलोद्योग, समूहातलं नागरिकत्व आणि सांस्कृतिक जीवन, अशा पाच अंगांनी तो मांडला. १९३७ साली मधोमध असलेला हस्तोद्योग इथे पाचांपैकी एक झाला आहे. मधोमध आलं ते समूहाचं जगणं. वर्धा योजनेवर बोलणारे बहुतेक जण पहिल्या अहवालापाशी थांबतात आणि हा बदल त्यांच्या नजरेतून सुटतो.

विद्यार्थ्यांचा आवाज इथून सुरू होत होता. सगळ्यांची आमसभा भरे. ती ठरावीक मुदतीसाठी आपल्यातून मंत्री निवडे : भोजन, सफाई, आरोग्य, शेती अशी खाती. मुदत संपली की मंत्र्याने सभेपुढे उभं राहून अहवाल आणि हिशेब द्यायचा, लोकांनी प्रश्न विचारायचे, आणि मग नवी निवड. नावं आजच्या शालेय मंत्रिमंडळासारखीच आहेत. फरक होता तो खात्यांत. भोजनमंत्र्याकडे खरोखर भंडार असे. किती जण जेवायला आहेत, ज्वारी किती उरली, तेल महिनाअखेर पुरेल का, बागेतून कोणती भाजी येणार, आणि ठरलेल्या पैशात सगळ्यांच्या पोटात पुरेशी प्रथिनं-जीवनसत्त्वं कशी जातील, हे त्या मुलाला किंवा मुलीला टोळीबरोबर बसून ठरवावं लागे. हिशेब चुकला तर शेरा वहीत मिळत नसे, तो ताटात दिसे. सफाईमंत्र्याचं खातं संडासाचं आणि सोनखताचं. ज्या देशात हे काम जन्मावरून एका जातीच्या माथी मारलेलं होतं, तिथे सगळ्या जातींच्या मुलांनी आणि शिक्षकांनी पाळीपाळीने ते करावं, याची आमसभेत वाटणी व्हावी, ही मोठी गोष्ट होती. नागरिकशास्त्राचं कुठलंही पाठ्यपुस्तक तिथवर पोचलेलं मला दिसत नाही.

लहान वयाच्या मुलांनाही सभेत बोलता येई, आणि मोठी माणसं त्याच नियमांना बांधलेली असत. शिक्षकही सूत कातत, भांडी घासत. हाच टॉल्स्टॉय फार्मचा जुना नियम. डॉ. अभय बंग सेवाग्रामच्या याच शाळेत शिकले, आणि आपल्या घडणीत तिचा वाटा केवढा आहे हे त्यांनी वारंवार सांगितलं आहे. समाजात राहून, लोकांना बरोबर घेऊन संशोधन करण्याची त्यांची पद्धत पाहिली की त्या शाळेची आठवण होते.

स्वातंत्र्यानंतर बाहेरून माणसं बघायला येत. विद्यापीठ शिक्षणावरच्या राधाकृष्णन आयोगाचे सदस्य, अमेरिकेतल्या अँटिऑक कॉलेजचे माजी अध्यक्ष आर्थर मॉर्गन सेवाग्रामला येऊन गेले, आणि आयोगाच्या अहवालात ग्रामीण विद्यापीठांची कल्पना आली. फाळणीनंतर फरिदाबादच्या निर्वासितांमध्येही तालीमी संघाने शाळा चालवल्या. बुनियादी शिक्षण हे सरकारचं जाहीर धोरण झालं. पण सरकारी खात्याने उचलली ती टकळी. एका शिक्षकाला हस्तोद्योगाचं थोडं प्रशिक्षण, शाळेला थोडी अवजारं, आणि पाटी बदलली की शाळा बुनियादी झाली. कापूस वेळेवर मिळायचा नाही, सूत कोणी विकत घ्यायचं नाही. शहरातल्या मुलांसाठी इंग्रजी आणि खेड्यातल्या मुलांसाठी टकळी, असं चित्र दिसू लागल्यावर खेड्यातल्या आईबापांनी, विशेषतः पिढ्यान्‌पिढ्या श्रमच करत आलेल्या घरांनी, या शाळांकडे संशयाने पाहिलं. त्यांना दोष देता येणार नाही. ज्यांच्या घरात लिहिणं-वाचणं पहिल्यांदाच येत होतं, त्यांनी आधी पुस्तकच मागितलं तर त्यात गैर काय? उत्तर बुनियादीच्या मुलांना विद्यापीठांचे दरवाजे सहज उघडत नव्हते, हेही कारण होतंच.

सेवाग्रामची माणसंही पांगली. १९५१ नंतर विनोबांच्या भूदानाच्या पदयात्रांनी कार्यकर्त्यांना ओढून घेतलं. १९५९ मध्ये तालीमी संघ सर्व सेवा संघ या सर्वोदयी कार्यकर्त्यांच्या संघटनेत विलीन झाला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने बुनियादी शिक्षणाची तत्त्वं मानली, पण कुठल्याही एका टप्प्याला ते नाव ठेवलं नाही. त्याऐवजी कार्यानुभव आला. आठवड्यातून एक-दोन तास, कागदाची फुलं आणि खडूच्या डब्या. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी नई तालीम पाहिली ती एवढीच.

महाराष्ट्रात या विचाराची भावंडं इतरत्र वाढली. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून दोघी कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत गेल्या. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणारी मुलगी शाळेत येणार कशी? यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी काढली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. वयावरून वर्ग पाडण्याआधी घर कसं चालतं हे बघायचं, ही रीत सेवाग्रामच्या फार जवळची आहे.

सेवाग्रामच्या आवारात २००५ साली आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा पुन्हा सुरू झाली. शेती, स्वयंपाक, कताई आणि सफाई तिथे अभ्यासाचाच भाग आहेत. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत, आणि त्या दिवसांत सुतारकाम, बागकाम, कुंभारकाम शिकवायला सांगितलं आहे. कोणत्या शाळेत ते कसे घालवायचे याची आखणी चालू आहे. त्या आखणीला मुलांना बसवावं, आणि दहा दिवसांच्या खर्चाची वही त्यांच्याच हाती द्यावी. शालेय पोषण आहाराच्या कोठीत किती तांदूळ आला आणि किती शिजला, हे दर महिन्याला मुलांनीच सगळ्या शाळेपुढे वाचून दाखवावं, एवढंही कुठल्या शाळेला उद्यापासून करता येईल.