मेसेज उडाला म्हणजे नक्की काय उडालं?

कळव्याच्या माझ्या मावसभावाचं जुन्या घरमालकाशी डिपॉझिटवरून वाजलं होतं. ‘साठ हजार दोन महिन्यांत देतो’ असा मालकाचा एसएमएस गणपतीत आला होता. पण परवा इनबॉक्स साफ करताना ओटीपी आणि जाहिरातींच्या ढिगाबरोबर तोही उडाला. आम्ही ठाणे स्टेशनजवळच्या एका रिपेरिंगच्या दुकानात गेलो. “निघेल की! पंधराशे होतील, आधी द्यावे लागतील,” दुकानदार म्हणाला. ‘आधी’ ऐकलं आणि मी भावाला बाहेर काढलं.

तसा तो अगदीच थापा मारत नव्हता. अँड्रॉइड फोनमधले एसएमएस एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसच्या फाइलीत असतात. या फाइलीला पानं असतात, बहुधा ४०९६ बाइटची. पानाच्या वरच्या बाजूला कुठली नोंद कुठे आहे याची यादी, आणि नोंदी तळाकडून वर भरत येतात. डिलीट दाबलं की यादीतला तो पत्ता जातो आणि नोंदीच्या पहिल्या चार बाइटांवर दोन आकडे लिहिले जातात: पुढची मोकळी जागा कुठे, आणि ही जागा केवढी. बस्स. ‘साठ हजार’ हे शब्द त्याच्यामागे तसेच पडून राहतात, नवा मेसेज येऊन त्या जागेवर बसेपर्यंत. आणि ओटीपी तर दिवसभर येतच असतात. म्हणून चूक लक्षात आल्याबरोबर आधी फोन फ्लाइट मोडवर टाकावा. अर्थात ‘सिक्युअर डिलीट’ची सोय चालू असेल तर त्या जागेत शून्यं भरली जातात आणि विषयच संपतो.

जुन्या कीपॅड फोनांत मामला आणखी सरळ होता. सिमवर प्रत्येक मेसेजला १७६ बाइटांचा एक कप्पा. त्यातला पहिला बाइट नुसती स्थिती सांगतो: ३ म्हणजे न वाचलेला, १ म्हणजे वाचलेला, ० म्हणजे कप्पा मोकळा. कित्येक फोन डिलीट करताना एवढ्या एका बाइटाचं ० करत आणि उरलेल्या १७५ना हातही लावत नसत. सिम रीडरमध्ये घातलं की मजकूर हजर! (एका कप्प्यात मजकुराला १४० बाइट. त्यात इंग्रजी अक्षरं १६० मावतात, देवनागरी ७०च, आणि काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. मराठीत भांडायचं तर कप्पे जास्त लागतात.)

मग आता अडतं कुठे? मजकूर असतो, पण कुलपात. २०१९च्या अँड्रॉइड १०सह बाजारात आलेल्या फोनपासून साठवलेली माहिती सांकेतिक रूपात ठेवणं सक्तीचं झालं. चिप उपसून वाचली तरी हाती कचरा येतो, कारण किल्ली प्रोसेसरच्या सुरक्षित भागाशी बांधलेली असते. फोन चालू ठेवून ती मूळ फाइल वाचायची तर फोन रूट करावा लागतो, म्हणजे त्याचा पूर्ण ताबा मिळवावा लागतो. त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करून देणारा प्रोग्राम, उघडावा लागतो, आणि तो उघडताना बहुतेक फोन स्वतःतलं सगळं पुसून टाकतात! ‘डिलीट मेसेज परत मिळवा’ म्हणणाऱ्या फुकट अ‍ॅपना त्या फाइलीपर्यंत पोचताच येत नाही. ती एसएमएस वाचायची परवानगी मात्र मागतात, म्हणजे तुमच्या बँकेचे ओटीपीसुद्धा.

मोबाइल कंपनीकडे जाऊनही फायदा नाही. आपल्याकडे त्यांना दोन वर्षांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. पण कुणी कुणाला कधी पाठवला एवढंच त्यात असतं, मजकूर नसतो.

मजकुराची एक प्रत मालकाच्या फोनमध्ये असणार, पण ती मागायची कुठल्या तोंडानं? बॅकअप भावानं कधी घेतलाच नव्हता. तेवढ्यात मला आठवलं, याचा हा फोन दिवाळीतला, आणि मेसेज गणपतीतला. म्हणजे तो जुन्या फोनवरून यात उतरवलेला.

“जुना फोन कुठाय रे?”

“आईकडे. भजनं ऐकते त्याच्यावर.”

कळव्याला पोचलो तेव्हा फोन देवघरापाशी चार्जिंगला होता. सिम नव्हतं, पण मेसेजचं अ‍ॅप उघडलं आणि मालकाचा नंबर, तारीख, वेळ, साठ हजार, सगळं जागच्या जागी. मी म्हटलं, “मावशी, याला आता कुणी हात लावायचा नाही. हा वकिलाला दाखवायचाय.”

“दाखवा की,” मावशी म्हणाली, “पण माझ्या हरिपाठाचं काय?”