सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नसतं

गाडी चढावर एकदम मरगळते, रेस दिली तरी पिकअप नाही, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावला की कोड येतो पी०१९२, फ्युएल रेल प्रेशर सेन्सर (इंधनाचा दाब मोजणारा), सर्किट लो. आता यात 'सेन्सर' हा शब्द दिसला की बरेच जण पुढचं वाचतच नाहीत, सरळ नवा सेन्सर आणून बसवतात आणि दोन दिवसांनी तोच दिवा परत हजर. मग नवा पार्ट डुप्लिकेट निघाला, स्कॅनरच भंगार आहे वगैरे सुरू होतं. हे सगळं मी स्वतः केलंय म्हणून जरा हक्काने बोलतोय.

आधी हा सेन्सर काय करतो ते बघू. आजच्या डिझेल गाड्यांत हाय प्रेशर पंप इंधन एका जाड पोलादी नळीत दाबून भरत असतो, तिला म्हणतात रेल. गाडी नुसती उभी चालू असेल तेव्हा या रेलमध्ये साधारण ३०० बार (बार हे दाबाचं माप) दाब असतो आणि जोरात पळवली की १६०० ते २००० बार, काही इंजिनांत त्याहूनही जास्त. टायरमध्ये आपण दोन-अडीच बार हवा भरतो, त्यावरून अंदाज घ्या. सेन्सर या रेलवरच बसवलेला असतो. त्याच्या आत स्टीलचा पातळ पडदा, दाब वाढला की तो अगदी किंचित वाकतो, त्यावरच्या रेझिस्टरचा रोध बदलतो आणि त्या बदलाचं व्होल्टेज बनून इसीयूकडे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडे जातं. वायरी बहुतेक वेळा तीनच: एक ५ व्होल्टची, एक अर्थची, एक सिग्नलची.

आणि इथे खरी गंमत आहे. सिग्नल ० ते ५ व्होल्ट असा पूर्ण वापरत नाहीत, साधारण ०.५ ते ४.५ एवढाच वापरतात. का? समजा शून्य दाबाला शून्य व्होल्ट ठेवलं असतं तर रेल खरंच रिकामी आहे का वायर शॉर्ट झालीय हे इसीयूला कळलंच नसतं, दोन्ही वेळा शून्यच दिसलं असतं. म्हणून खालचा अर्धा आणि वरचा अर्धा व्होल्ट मुद्दाम रिकामा सोडलेला असतो, चांगला सेन्सर तिथे कधी जातच नाही. सिग्नल तिथे दिसला की इसीयू समजतो की हा दाब नाही, काहीतरी बिघाड आहे. खालच्या पट्टीत गेला तर पी०१९२, वरच्या पट्टीत गेला तर पी०१९३, आणि मधल्या ०.५ ते ४.५ मध्येच आहे पण इंजिनच्या बाकी वागण्याशी जुळत नाही तर पी०१९१. बघा, यात कुठेच सेन्सर मेला असं म्हटलेलं नाही, फक्त व्होल्टेज पटत नाहीये एवढंच म्हटलंय. पी००८७ तर अजून वेगळा, त्याचा अर्थ रेलमधला दाब कमी पडतोय, तिथे सेन्सर बिचारा खरं बोलत असू शकतो आणि दोष चोंदलेल्या फिल्टरचा, झिजलेल्या पंपाचा नाहीतर गळक्या इंजेक्टरचा असतो.

स्कॅनर लावायचा सॉकेट १६ पिनचा, बहुतेक स्टिअरिंगच्या खाली सापडतो. अमेरिकेत १९९६ पासून तो सक्तीचा झाला, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेलला २००४ पासून. त्याच्या १६ नंबरच्या पिनवर थेट बॅटरीची लाइन असते, म्हणून ब्लूटूथवाला डोंगल, म्हणजे मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर, तसाच खोचून ठेवला तर चावी काढल्यावरही तो थोडा थोडा करंट खात बसतो.

कोड आला की पहिला मोह होतो तो क्लिअर करायचा. नका करू. कोडबरोबर इसीयू त्या क्षणाचा एक फोटोच काढून ठेवतो, फ्रीझ फ्रेम म्हणतात, त्यात आरपीएम, इंजिनचं तापमान, लोड, वेग असं सगळं असतं. क्लिअर केलं की ते पण जातं. थंड इंजिनला स्टार्ट करताना कोड आला का गरम इंजिनवर चढावर आला, यावरून अर्धा तपास होतो.

मग लाइव्ह डेटा, म्हणजे स्कॅनरवर त्या त्या क्षणी दिसणारे चालू आकडे. रात्रभर उभ्या गाडीची चावी ऑन करा पण इंजिन चालू करू नका, रेल प्रेशर जवळजवळ शून्य आणि सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसायला हवा. तिथेच १८० बार दिसत असेल तर सेन्सर नाहीतर वायरिंग खोटं बोलतंय. इंजिन चालू झाल्यावर दोन आकडे शेजारी लावा, इसीयूने मागितलेला दाब आणि खरा दाब. लोड वाढेल तसा खरा दाब हळूहळू मागे पडत असेल तर इंधन कमी पोचतंय. पण ९०० वरून एकदम शून्य आणि लगेच परत ९००, असं उडत असेल तर ते डिझेलचं काम नाही, खरंच दाब शून्यावर गेला असता तर इंजिन तिथेच बंद पडलं असतं. हे बहुतेक लूज कनेक्शन असतं. फक्त स्वस्तातले डोंगल सेकंदाला थोडीच रीडिंग घेतात, त्यामुळे क्षणभराचा झटका त्यांच्या नजरेतून सुटतो.

पी०१९२ साठी माझी आवडती टेस्ट म्हणजे चावी बंद करून सेन्सरचा कनेक्टर काढायचा आणि परत चावी ऑन करून बघायचं. बऱ्याच गाड्यांत कनेक्टर मोकळा असला की इसीयू स्वतःच सिग्नलची वायर ५ व्होल्टकडे ओढतो, म्हणजे लो चा हाय झाला तर वायर आणि इसीयू ठीक, संशय सेन्सरवर. कनेक्टर काढूनही लो च राहिला तर बहुतेक वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय. मल्टिमीटरने ५ व्होल्टची लाइन पण तपासा, कारण कितीतरी गाड्यांत ती दोन-तीन सेन्सरमध्ये वाटलेली असते, एक शॉर्ट झाला की शेजारचे पण ओरडायला लागतात आणि एकदम चार कोड येतात.

एक मात्र करू नका, चालू इंजिनवर हाय प्रेशर पाइप सैल करून गळती बघायला जाऊ नका. एवढ्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं, बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडायची वेळ येते, दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल गाठायचं.

टाकीतल्या लेव्हल सेन्सरचं प्रकरण त्यामानाने सोपं, तरंगता फ्लोट आणि रेझिस्टरची पट्टी. स्कॅनरवर लेव्हलचे टक्के बरोबर येतायत आणि काटा चुकतोय तर दोष मीटरमध्ये, टाकी उघडू नका.

माझ्या गाडीत पी०१९२ आला त्या वेळी कनेक्टर काढला तरी व्होल्टेज शून्यालाच चिकटलेलं. वायरीवर हात फिरवत गेलो तर एका ब्रॅकेटला घासून आवरण गेलेलं, आतली तार धातूला टेकलेली. हीट श्रिंकचा, म्हणजे गरम केली की आवळून बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा चढवला, कोड क्लिअर केला, परत आला नाही. काढून ठेवलेला जुना सेन्सर, जो कधी बिघडलाच नव्हता, अजून टूलबॉक्समध्ये पडलाय.