गरम पाण्याने लोकर आटते?

‘लोकरीला गरम पाणी लागलं की ती आटून घट्ट होते’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. घरी अल्पाकाची (दक्षिण अमेरिकेतला, उंटाच्या कुळातला लोकरीचा प्राणी) कच्ची लोकर साफ करायला घेणारेही म्हणूनच थंड पाण्यावर भागवतात, आणि मळ तसाच राहतो.

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओले तंतू एकमेकांवर घासले की खवले अडकतात आणि तंतू मागे सरकत नाहीत. काश्मिरी नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाजम, असाच बनतो. उष्णता आणि साबण या क्रियेला मदत करतात, पण घासल्याशिवाय ती होत नाही. अल्पाकाच्या लोकरीचे खवले मेंढीच्या लोकरीपेक्षा चपटे असले, तरी चोळल्यावर तीही गुंतते.

पडताळून बघा. एकाच लोकरीचे दोन पुंजके घ्या. एक गरम साबणपाण्यात अलगद बुडवून अर्धा तास हात न लावता ठेवा. दुसरा कोमट साबणपाण्यात पाच मिनिटं तळहातांवर चोळा. सुकल्यावर पहिल्याचे तंतू बोटांनी सहज सुटतील, दुसऱ्याची घट्ट गोळी झालेली असेल.

स्वेटरवरची ‘थंड पाण्यात धुवा’ ही सूचना मात्र चुकीची नाही. मशीन कपडे घुसळतं, त्यात पाणी गरम असलं तर लोकर आटते, शिवाय रंगही जातो.

अल्पाका धुळीत लोळतो, पण त्याच्या लोकरीत मेंढीसारखं मेण फारसं नसतं. म्हणून आधी कोरडीच जाळीवर झटकावी. बरीच माती तिथेच गळते. मग जाळीच्या पिशवीत भरून गरम साबणपाण्यात भिजवावी. नळाची धार थेट लोकरीवर सोडू नये, आणि खळबळण्याचं पाणीही तितकंच गरम घ्यावं.