सात वीसचं लेक्चर आणि विशीतलं घड्याळ

सात वीसला हजेरी घेताना तिसऱ्या बाकावरची मुलगी ‘प्रेझेंट सर’ म्हणते आणि डोकं वहीवर टेकवते. आसनगावहून येते. पहाटे साडेचारला उठते, लोकलमध्ये उभ्यानेच पेंगते. रात्री लवकर का झोपत नाहीस, असं एकदा विचारलं. म्हणाली, “दहाला लाइट बंद करते सर, पण साडेबारापर्यंत झोपच लागत नाही.” बरीच वर्षं असली उत्तरं मला मोबाइलवर पांघरूण घालण्याची सबब वाटायची. मुलं खरं सांगत होती.

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेद देतात, त्याच्या लगेच वर सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका असतो. शरीराचं मुख्य घड्याळ ते. अंधार पडला की त्याच्या इशाऱ्यावर मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागतं आणि शरीर झोपेच्या तयारीला लागतं. वयात येताना हा इशारा उशिरा मिळू लागतो. जर्मनीतल्या टिल रोनेबर्ग यांच्या गटाने २००४ मध्ये हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा ताडून पाहिल्या. विशीपर्यंत झोप पुढे पुढे सरकत जाते आणि मग मागे फिरते, असं त्यांना दिसलं. मुलींमध्ये हे वळण साडेएकोणीसच्या आसपास येतं, मुलांमध्ये एकविसाच्या. म्हणजे आयुष्यात शरीराचं घड्याळ सर्वांत मागे असतं ती वर्षं नेमकी कॉलेजची. मोबाइलच्या उजेडाने त्यात भर पडते हे खरंच, पण मूळ तिथे नाही.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, मुंबई पावणेत्र्याहत्तरच्या जवळपास. म्हणून सूर्याच्या हिशेबाने मुंबई प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे आहे. पूर्वी शहरात ‘बॉम्बे टाइम’ वेगळा पाळत, तो एवढ्याचसाठी. शरीर भिंतीवरचं घड्याळ वाचत नाही, ते उजेड वाचतं. सात वीस वाजतात तेव्हा मुंबई-ठाण्याच्या सूर्याचे जेमतेम सहा एक्केचाळीस झालेले असतात, आणि जानेवारीत तर सूर्य उगवतोच सव्वासातच्या सुमारास.

कमी झोपेचा फटका फक्त लक्षाला बसतो, असं आपण धरून चालतो. त्याहून गंभीर गोष्ट मनाची आहे. स्वप्नांची झोप, म्हणजे डोळे पापण्यांआड भरभर फिरतात ती, रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात सर्वाधिक असते. दिवसभरातल्या भावनिक आठवणींची आवराआवर करण्यात तिचा मोठा वाटा मानला जातो. पहाटे साडेचारचा अलार्म नेमका तोच भाग कापतो. २००७ च्या एका प्रयोगात सुमारे ३५ तास जागं ठेवलेल्या तरुणांना अस्वस्थ करणारी चित्रं दाखवली, तेव्हा भीती-रागाशी जोडलेला मेंदूतला अमिग्डाला नीट झोपलेल्यांपेक्षा ६० टक्के जास्त पेटला. त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी त्याचा संपर्कही सैल झाला होता. एका केटीवरून, म्हणजे एक विषय राहिला म्हणून, ढसाढसा रडणारा मुलगा समोर बसतो, तेव्हा मला हे आठवतं. समुपदेशक हवाच, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येक नोटीसबोर्डवर हवाच. पण मुलांची झोप आपणच वेळापत्रकाने काढून घ्यायची आणि मग त्यांना ताणतणावावरच्या व्याख्यानाला बसवायचं, हे मला पटत नाही.

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात वायफायच्या नोंदींवरून हजेरी तपासली गेली. सकाळी ८ च्या तासांना ती उशिराच्या तासांपेक्षा शेकडा दहाच्या आसपास कमी भरली. बरीच मुलं तास सुरू झाला तरी झोपेतच होती. अमेरिकेत एमआयटीच्या रसायनशास्त्राच्या वर्गातल्या ८८ विद्यार्थ्यांच्या मनगटावर पट्टे बांधून सत्रभर झोप मोजली, त्यातला निष्कर्ष तर मी दरवर्षी वर्गात सांगतो. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध दिसला नाही, आधीच्या आठवड्यांतल्या आणि महिन्यातल्या झोपेचा दिसला. म्हणजे ‘आज लवकर झोप, उद्या पेपर आहे’ हा आईचा सल्ला प्रेमाचा खरा, पण उशिराचा.

“तास उशिरा ठेवले तर पोरं आणखी उशिरा झोपतील,” हा स्टाफरूममधला ठरलेला आक्षेप. सिएटल शहराने २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ ७.५० वरून ८.४५ केली, तेव्हा मुलं रोज ३४ मिनिटं जास्त झोपू लागली. झोपायची वेळ जवळपास तीच राहिली, उठायची तेवढी पुढे गेली. आपल्या राज्यानेही २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. निर्णय चांगला, पण लहान मुलं आपण होऊन लवकर उठतात. घड्याळ मागे पडतं ते त्यांच्या मोठ्या भावंडांचं.

अडचणी मला ठाऊक आहेत. एकाच इमारतीत दोन सत्रं चालतात. दुपारी दुकानात किंवा डिलिव्हरीवर जाणाऱ्या मुलांचं पोट सकाळच्या सत्रावर चालतं, त्यामुळे सरसकट बदल करून चालणार नाही. पण चाचणी पहिल्या तासाला ठेवू नये, एवढं तर उद्यापासून जमेल. पहिल्या तासानंतर दहा मिनिटं मुलांना पटांगणात सोडावं. वर्गातल्या ट्यूबलाइटचा उजेड काहीशे लक्स (उजेड मोजण्याचं एकक) भरतो, बाहेर ढगाळ दिवशीही काही हजार. सकाळचा असा उजेड शरीराचं घड्याळ हळूहळू अलीकडे आणतो. आणि ऑनलाइन सबमिशनची रात्री ११.५९ ची वेळ बंद करावी. माझ्या विषयासाठी मी ती संध्याकाळी ६ केली. आसनगावची मुलगी आता परतीच्या लोकलमध्येच काम पाठवून मोकळी होते.

पुढच्या वर्षासाठी मी वेळापत्रक समितीला लेखी विनंती दिली आहे: पहिल्या वर्षाचा पहिला तास रोज ८.१० ला, शेवटचा तास पन्नास मिनिटं पुढे. त्यासाठी दुपारच्या सत्राकडून दोन वर्गखोल्या उसन्या घ्याव्या लागतील.