लेबलावरचे नाव: तयार कपड्यांच्या डिझायनरचा पेशा कसा घडला

ड्रेसच्या मानेमागे आतून शिवलेली बोटभर पट्टी म्हणजे लेबल. चार्ल्स फ्रेडरिक वर्थने १८५८ मध्ये पॅरिसमध्ये आपले दालन उघडले आणि कपड्यांत स्वतःच्या नावाची पट्टी शिवायला सुरुवात केली. पण वर्थचा प्रत्येक कपडा एका ठरावीक बाईच्या मापावर बेतलेला असे. दुकानात टांगलेला, कोणीही उचलून घ्यावा असा तयार कपडा पुढे आला, तेव्हा त्याच्या पट्टीवर बहुतेक वेळा कारखान्याचे किंवा दुकानाचे नाव असायचे. तो कोणी कल्पिला, हे घेणारीला कळायचे नाही. डिझायनरचे नाव त्या पट्टीवर सर्रास यायला १९४० चे दशक उजाडावे लागले, आणि ते का, हे समजून घेतले की या पेशात नेमके काय करावे लागते तेही कळते.

स्त्रियांचे तयार कपडे पुरुषांच्या मागून आले. शिलाई मशीन १८५० च्या दशकात कारखान्यांत पोहोचले होते, आणि कापडाचे अनेक थर एकदम कापणारे पट्टीचे यंत्रही त्याच दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये लीड्सला चालू झाले होते. अडचण यंत्राची नव्हती, अंगाची होती. त्या काळचा स्त्रियांचा अंगरखा छातीपासून कमरेपर्यंत कातडीसारखा बसवलेला असे. एक सेंटीमीटर इकडेतिकडे झाला तरी सुरकुती पडे. म्हणून आधी तयार मिळू लागले ते अंगावर सैल पडणारे कपडे: झगे, केप, परकर. मग १८९० च्या दशकात सुटा ब्लाउज आणि स्कर्ट आला. वरचे माप वेगळे, खालचे वेगळे घेता येत असल्याने बसण्याचा प्रश्न अर्ध्यावर आला. न्यूयॉर्कमधले शेकडो कारखाने या ब्लाउजवर उभे राहिले. १९११ मध्ये आग लागून १४६ कामगार दगावले तो ट्रायंगल कारखाना ब्लाउजचाच होता. १९२० च्या दशकात सरळसोट, कंबर न दाखवणारा ड्रेस आला आणि तयार कपड्यांचा धंदा खऱ्या अर्थाने मोकळा झाला.

या कारखान्यांत डिझायनर म्हणून कामाला असलेल्या माणसाचे काम प्रामुख्याने नक्कल करणे हे होते. हंगामाच्या सुरुवातीला कारखानदार पॅरिसला जाऊन एकदोन नमुने विकत घेत आणि बाकीचे डोळ्यांत साठवून आणत. त्यासाठी रेखाटने करणारी माणसे नेमलेली असत. पुढे स्वतःच्या नावाने काम करणारी एलिझाबेथ हॉज १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये हेच करत होती: कपडे दाखवण्याच्या कार्यक्रमात बसून तपशील पाठ करायचे आणि बाहेर पडल्यावर कागदावर उतरवायचे. पॅरिसची डिझायनर मादलेन व्हिओने नकलांना इतकी वैतागली की आपल्या लेबलवर ती अंगठ्याचा ठसा उमटवू लागली. अमेरिकेत तर कपड्याच्या रचनेला कॉपीराइटचे संरक्षणच नव्हते. महाग ड्रेस बनवणाऱ्या कारखानदारांनी १९३२ मध्ये एक संघ काढून नकला विकणाऱ्या दुकानांवर बहिष्कार टाकला, पण हा व्यापाराला घातलेला अडथळा आहे म्हणून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४१ मध्ये तो मोडीत काढला. नक्कल थांबवता येत नसेल तर डिझायनरची किंमत कशात? याचे उत्तर क्लेअर मॅकार्डेल हिच्या कारकिर्दीत सापडते, म्हणून तिच्याकडे जरा सावकाश पाहायला हवे.

मॅकार्डेल १९०५ साली मेरीलँड राज्यातल्या फ्रेडरिक गावी जन्मली. न्यूयॉर्कमधल्या, आज पार्सन्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत ती शिकली आणि त्यातला काही काळ पॅरिसला गेला. तिथे हंगाम संपल्यावर स्वस्तात निघणारे व्हिओनेचे कपडे विकत घेऊन ती शिलाई उसवून सुटे करी. उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, कापलेला तुकडा सपाट ठेवला की कसा दिसतो, टक्स (आकारासाठी शिवलेले चिमटे) न घालता छातीचा उठाव कसा काढला आहे, हे चित्रातून कळत नाही. तुकडे सुटे करूनच कळते. आजही शिकणाऱ्याने एक चांगला जुना ड्रेस पूर्ण उसवून, तुकडे इस्त्री करून कागदावर उतरवावेत. शंभर रेखाटनांपेक्षा त्यातून जास्त हाती लागते.

रॉबर्ट टर्क या डिझायनरची मदतनीस म्हणून ती टाउनली फ्रॉक्स या कारखान्यात आली. १९३२ मध्ये टर्क बुडून मरण पावला आणि अर्धवट राहिलेला संग्रह तिने पुरा केला. १९३८ मध्ये तिने खांद्यावरून सरळ खाली पडणारा, कंबरेला शिलाईच नसलेला ड्रेस काढला. घालणारीने पट्टा बांधून घेर आपल्याला हवा तिथे आवळायचा. तो इतका खपला की सगळ्या बाजारात नकला झाल्या, आणि त्यांच्यामागे लागण्यात कारखाना त्याच वर्षी बंद पडला. १९४० मध्ये अॅडॉल्फ क्लाइनच्या हाताखाली तो पुन्हा सुरू झाला तेव्हा लेबलवर तिचे नाव आले. जून १९४० मध्ये पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेले होते. नक्कल करायला नमुनेच येत नव्हते. दुकानांना विकायला अमेरिकेतलेच नाव हवे होते.

तिचा १९४२ चा ‘पॉपओव्हर’ ड्रेस जवळून पाहण्यासारखा आहे. समोरून गुंडाळून बाजूला बांधायचा, बाही सैल, खिसा मोठा, सोबत भांडे उचलायचा हातमोजा. किंमत ६.९५ डॉलर. कामाचा कपडा म्हणून त्याची नोंद झाल्याने तो इतक्या स्वस्तात देता आला, आणि पहिल्याच हंगामात ७५,००० हून अधिक खपले. युद्धामुळे त्याच वर्षी अमेरिकेत कापडावर निर्बंध आले होते: खालची दुमड २ इंचांहून जास्त नको, स्कर्टचा घेर ७२ इंचांच्या वर नको. पण या ड्रेसची खरी हुशारी बेतण्यात आहे. गुंडाळून बांधायचा कपडा कंबरेत आठदहा सेंटीमीटर कमीजास्त सहज सामावून घेतो. सैल बाहीमुळे मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या जागेची, बारीक चूक दिसत नाही. चेनऐवजी नाडी आणि पितळी हूक असले की मागून कोणाची मदत लागत नाही आणि चेन बसवायचा वेळही वाचतो. बारीक नाड्या, पट्टे, हूक, वरून दिसणारी दुहेरी टीप या तिच्या सवयींना लोक ‘अमेरिकन शैली’ म्हणतात. मुळात ती न पाहिलेल्या अंगाला कपडा बसवण्याची तोड होती. नक्कल करणारा चित्र उचलतो, ही तोड त्याला चटकन उचलता येत नाही.

न पाहिलेले अंग मोजायचा मोठा प्रयत्नही याच सुमारास झाला. १९३९-४० मध्ये अमेरिकी सरकारने सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. छातीवरून बाकीचे अंग ओळखता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. मात्र निष्कर्षांत फक्त गोऱ्या स्त्रिया धरल्या होत्या. त्यावर बेतलेली प्रमाणित मापे १९५८ मध्ये आली आणि १९८३ मध्ये मागे घेतली गेली. तेव्हापासून प्रत्येक कंपनीचा १२ नंबर वेगळा असतो आणि आपली मापे ठरवणे हे डिझायनरच्या कामाचा भाग होऊन बसले आहे.

हे काम ग्रेडिंगमध्ये, म्हणजे एका मापाचा पॅटर्न (कापायचा कागदी साचा) बाकीच्या मापांत बसवताना, फसते. समजा मूळ पॅटर्न ८८ सेंटीमीटर छातीचा आहे आणि दर मापाला छाती ४ सेंटीमीटर वाढते. पॅटर्न पावभागाचा असल्याने एका तुकड्यात दर मापाला १ सेंटीमीटर घालायचा. तो कुठे घालायचा, हाच प्रश्न. बराचसा बाजूच्या शिलाईत आणि मुंढ्याच्या रुंदीत जातो. खांदा साधारण ३ मिलिमीटर आणि अर्धा गळा २ मिलिमीटरच वाढतो, कारण अंग जाड झाले तरी खांद्याचे हाड त्या मानाने वाढत नाही. नवखा माणूस आख्खा पॅटर्न सरसकट मोठा करतो. १०४ छातीला पोहोचेपर्यंत १२.५ सेंटीमीटरचा खांदा १४.८ होतो, नियमाने तो १३.७ हवा, ७ चा अर्धा गळा ८.३ होतो, हवा ७.८. दोन्ही मिळून बाहीचा जोड खांद्यावरून दीड सेंटीमीटरहून जास्त खाली घसरतो आणि हात वर केला की सगळा ड्रेस वर चढतो. नियम पाळूनही मूळ मापापासून दोनतीन मापांपलीकडे भरवसा राहत नाही. मोठ्या मापांसाठी वेगळा मूळ पॅटर्न करून तो त्या मापाच्या खऱ्या बाईवर घालून पाहावा. हा खर्च वाचवणाऱ्या कंपन्यांचे कपडे परत येतात, आणि दोष घेणारीच्या अंगाला दिला जातो, हे चीड आणणारे आहे.

फसण्याची दुसरी जागा मार्कर, म्हणजे पन्ह्यावर तुकडे कसे बसवायचे त्याचा आराखडा. कापडाचा पन्हा १५० सेंटीमीटर, दोन्ही काठ सोडून १४६ वापरता येतात. स्कर्टची पाकळी शिलाईच्या मायेसकट खाली ३६ सेंटीमीटर रुंद असेल तर चार पाकळ्या १४४ मध्ये शेजारी बसतात. डिझायनरने घेर थोडा खुलावा म्हणून प्रत्येक पाकळीत २ सेंटीमीटर वाढवले की १५२ झाले. चौथी पाकळी पुढच्या ओळीत गेली. साध्या कापडावर एकआड एक पाकळी उलटी ठेवून निभावते, पण मखमल किंवा एकाच दिशेची छपाई असेल तर उलटी ठेवता येत नाही, रंग आणि चित्र बदलते. ड्रेसमागे १५ सेंटीमीटर कापड वाढले तर ५,००० ड्रेसना ७५० मीटर. किंमत आधीच ठरलेली असते, त्यामुळे हे पैसे अस्तरातून, बटणांतून किंवा दुमडीतून कापले जातात. म्हणून जाणता डिझायनर नमुना मंजूर करण्याआधी मार्कर मागून घेतो.

पॅरिसने तयार कपडे मनापासून स्वीकारले ते उशिरा. इव्ह सां लोराँने २६ सप्टेंबर १९६६ रोजी रू द तूर्नोंवर ‘रीव्ह गोश’ हे तयार कपड्यांचे दुकान उघडले. मापावर शिवणारे नामवंत घर तयार कपडे दुय्यम न मानता स्वतंत्र संग्रह म्हणून विकते, हे त्यातून ठसले. १९७३ च्या नोव्हेंबरात व्हर्सायच्या राजवाड्यात पाच फ्रेंच आणि पाच अमेरिकी डिझायनरांचे कपडे एकाच संध्याकाळी दाखवले गेले. अमेरिकींपैकी अॅन क्लाइन ही तयार, सुटे घालून जोडता येणारे कपडे करणारी होती. मार्च १९७४ मध्ये ती वारली आणि तिची सहायक डोना कॅरन हिने संग्रह पुरा केला. १९८५ मध्ये कॅरनने स्वतःच्या नावाचा पहिला संग्रह आणला. मॅकार्डेलसारखीच वाट, चाळीस वर्षांनी. दुसऱ्याच्या अर्धवट पॅटर्नवर हात बसलेला असतो, म्हणून वेळ येते तेव्हा काम अडत नाही.

नाव लेबलवर आल्यावर ते विकताही येऊ लागले. व्हर्सायला गेलेल्या पाच अमेरिकींतल्या हॉल्स्टनने १९७३ मध्येच आपली कंपनी आणि नाव नॉर्टन सायमन या उद्योगसमूहाला विकले होते. १९८२ मध्ये स्वस्त कपड्यांच्या एका साखळी दुकानाशी त्याने करार केला, तेव्हा बर्गडॉर्फ गुडमन या महागड्या दुकानाने त्याचे कपडे काढून टाकले. मालक बदलत गेले, १९८४ मध्ये त्याला स्वतःच्या कचेरीतून बाहेर पडावे लागले, आणि १९९० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याला आपल्या नावाने कपडे विकता आले नाहीत.

आता करार करताना ट्रेडमार्क कोणाच्या नावावर, कोणकोणत्या वस्तूंसाठी, आणि नोकरी सोडल्यावर नावाचे काय, हे वकील विचारतातच. मूळ पॅटर्नच्या संचाबद्दल फारसे कोणी विचारत नाही. पण पगारावर असताना केलेला संच सहसा कंपनीकडे राहतो. नव्या जागी पहिला हंगाम मापे ठरवण्यात, नमुना घालून पाहणारी बाई शोधण्यात आणि मुंढा बसेपर्यंत पाचसहा वेळा चाचणीची मलमल कापण्यात जातो. तेवढा वेळ वेळापत्रकात आधीच लिहून घ्यावा.